ठासणीच्या जुन्या पिस्तुलाला भाग शोधताय? या चुका टाळा

अंबाजोगाई, हिंगोली, जालना ही हैदराबाद कंटिंजंटच्या, म्हणजे निजामाच्या राज्यातल्या इंग्रज अधिकाऱ्यांखालच्या फौजेच्या, छावण्यांची गावं. इकडच्या वाड्यांत माळवदाखालच्या कोनाड्यात, जुन्या पेटीत ठासणीचं, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू-गोळी ठासून भरायचं, एखादं पिस्तूल अजून निघतं. घोडा मोडलेला, स्क्रू गायब. मग घरातलं कुणीतरी हौसेनं भाग शोधायला लागतं.

थांबा, आधी नळी बघा. आत बार, म्हणजे भरलेली दारू-गोळी, तसाच राहिलेला असू शकतो आणि कोरडी राहिलेली काळी दारू शंभर वर्षांनीही पेटते. तोंडासमोर न येता लाकडी काडी अलगद आत सोडा, तोंडापाशी खूण करा आणि तीच काडी बाहेरून नळीला लावा. काडीचं टोक बत्तीच्या भोकापर्यंत, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला ठिणगी आत जाते तिथपर्यंत, पोचत नसेल तर पिस्तूल भरलेलंच आहे असं धरा. पुढचं काम परवानाधारक शस्त्र कारागिराचं.

दुसरी चूक, ‘पणजोबांचं आहे, त्याला कसला परवाना?’ शस्त्र अधिनियम 1959 च्या कलम 45 मधली सूट जुनाट हत्यारांना आहे, पण दुरुस्त करूनही चालणार नाही अशांनाच. म्हणजे भाग बसवून ते चालू होणार असेल तर सूट गेली. आधी जिल्हाधिकारी कार्यालयात विचारा. ओळखीच्या लेथवाल्याकडून घोडा बनवून घेण्याचा विचारही नको. बंदूक दुरुस्त करायलाही परवाना लागतो.

आता आट्यांचं. इथं सगळ्यात जास्त नासधूस होते, म्हणून जरा सविस्तर सांगतो. इंग्लंडात जोसेफ व्हिटवर्थ या अभियंत्यानं एकसारख्या आट्यांची पद्धत 1841 मध्ये मांडली. त्याआधी ज्याचा त्याचा आटा. हातानं घडवलेल्या पिस्तुलात तर शेजारशेजारचे दोन स्क्रूही एकमेकांच्या जागी बसत नाहीत. माझ्या चुलत्यांच्या पिस्तुलाचा घोड्याचा स्क्रू हरवला होता. कारागिराच्या दुकानात डब्यातला एक हुबेहूब दिसला. दोन फेरे सरळ गेला, तिसऱ्याला अडला. मी घाईनं पेचकस दाबला आणि आतल्या टंबलरचे (घोडा ज्यावर बसतो आणि फिरतो तो भाग) मूळ आटे सोलले गेले. दीडशे वर्षं टिकलेले आटे माझ्या हातानं गेले, याचं आजही वाईट वाटतं.

म्हणून व्हर्नियरनं व्यास मोजा आणि आटे मोजायचं गेज लावून इंचाला किती आटे ते बघा. पाव इंच म्हणजे 6.35 मिमी, 6 मिमीचा स्क्रू डोळ्याला तसाच दिसतो. सुट्या स्क्रूंच्या डोक्याखाली आणि घोड्याची यंत्रणा जिच्यावर बसते त्या प्लेटच्या आतल्या बाजूला कानशीनं पाडलेल्या बारीक रेघा शोधा. एक रेघ, दोन रेघा, तीन. कोणता स्क्रू कुठल्या भोकाचा, हे मूळ कारागिरानं तिथं लिहून ठेवलेलं असतं. घासूनपुसून चकचकीत करायच्या नादात त्या पुसू नका.

प्लेटवर ‘टॉवर’ (लंडनच्या टॉवरमधल्या सरकारी शस्त्रागाराची खूण) आणि मुकुट दिसला म्हणून लगेच मॉडेल ठरवू नका. ती खूण कितीतरी वर्षं, कितीतरी नमुन्यांवर उमटत होती. लंबगोलातली ‘ईएलजी’ ही अक्षरं बेल्जियममधल्या लिएज शहरातल्या बंदूक तपासणीची. पण नळीवरची खूण फक्त नळीचीच ओळख देते. नळी एका पिस्तुलाची, यंत्रणा दुसऱ्याची असंही सर्रास सापडतं.

घोडा घेताना फोटोवर जाऊ नका. चौकोनी भोकाची बाजू, त्या भोकाच्या मध्यापासून नाकापर्यंतचं अंतर आणि चौकोन कोणत्या कोनात कापलाय, ही तिन्ही मापं जुळली पाहिजेत. भोक कानशीनं मोठं करून बसवलेला घोडा निपलच्या (टोपी बसवायची बारीक नळी, जिच्यावर घोडा आपटतो) एका कडेला टेकतो.

आणि मोडका मूळ भाग भंगारात टाकू नका. पिशवीत घालून, तारीख लिहून पिस्तुलासोबतच ठेवा; पुढचं माप त्याच्यावरूनच घ्यायचंय.