टर्मिनलमध्ये एकच मेल दोनदा? डिलीट करण्याआधी या चुका टाळा

मट या टर्मिनलमधल्या मेल प्रोग्रॅममध्ये इनबॉक्स उघडला आणि त्याच विषयाच्या दोन-दोन ओळी दिसल्या, की हात आधी डिलीटकडे जातो. तिथेच थांबा. दुसरी प्रत कुठून आली हे कळल्याशिवाय काहीही उडवू नका, नाहीतर पुढच्या सिंकला ती पुन्हा हजर होईल.

दोन्ही प्रती उघडा आणि एच दाबून पूर्ण हेडर, म्हणजे पत्राच्या वरची माहिती, बघा. मेसेज-आयडी (पत्राचा ओळख क्रमांक) एकच असेल तर रिसीव्ह्डच्या, म्हणजे पत्र कुठल्या सर्व्हरमधून आलं ते सांगणाऱ्या, ओळी जुळवा. त्या वेगळ्या असतील, तर पत्र खरोखरच दोन वाटांनी आलंय: एक थेट तुमच्या पत्त्यावर, दुसरं मेलिंग लिस्टमार्फत. त्या तंतोतंत सारख्या असतील, तर बहुधा आपल्याच सेटअपने ते दोनदा उतरवलंय.

जीमेलवाल्यांची नेहमीची चूक म्हणजे एमबीसिंकच्या (सर्व्हरवरचं आणि आपल्याकडचं मेल सारखं ठेवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) पॅटर्न्समध्ये नुसता तारा, म्हणजे सगळे फोल्डर, ठेवणं. जीमेलची लेबलं आयमॅपवर (सर्व्हरवरचं मेल वाचायच्या पद्धतीत) फोल्डर म्हणून दिसतात, आणि इनबॉक्समधलं प्रत्येक मेल ऑल मेलमध्येही असतंच. पॅटर्न्समध्ये ऑल मेलच्या नावाआधी उद्गारचिन्ह देऊन ते फोल्डर वगळा.

सिंक अडकलं म्हणून एमबीसिंकची स्टेट फाइल उडवणं त्याहून महागात पडतं. सर्व्हरवरचं कुठलं पत्र म्हणजे आपल्याकडचं कुठलं, याची नोंद तिथेच असते. ती गेली की दोन्हीकडची सगळी पत्रं नवी ठरतात, आणि हजार मेलचं फोल्डर दोन्ही बाजूंना दोन हजारांचं होतं.

आता प्रॉकमेल, म्हणजे आलेलं मेल नियमांनुसार फोल्डरांत वाटणारा प्रोग्रॅम. त्याच्या जोडीचा फॉरमेल आलेल्या मेसेज-आयडींची नोंद ठेवून दुसरी प्रत ओळखतो; त्याच्या मोठ्या डी पर्यायापुढचा 8192 हा आकडा मेलची संख्या आहे असं अनेकांना वाटतं. ते बाइट आहेत. एक मेसेज-आयडी साठेक अक्षरांचा धरला, तर त्यात जेमतेम 130-140 आयडी मावतात. वर्दळीच्या लिस्टवर उशिरा आलेली प्रत सहज निसटते. आकडा वाढवा. पण खरा धोका वेगळा आहे. आयडी आधीच नोंदलेला असेल तर फॉरमेल यशस्वी म्हणून परततो, प्रॉकमेलला पत्र पोचलंसं वाटतं, आणि ते मागमूस न ठेवता नाहीसं होतं. माझ्या लिस्टच्या फोल्डरमधले धागे असेच मधूनमधून तुटलेले असायचे, आणि गायब असायची ती नेमकी मला आलेली उत्तरं. थेट प्रत आधी पोचून इनबॉक्समध्ये बसायची. लिस्टची, लिस्ट-आयडी असलेली प्रत मागून येऊन फेकली जायची. म्हणून फॉरमेल चालवणाऱ्या रेसिपीला (प्रॉकमेलच्या नियमाला) छोटा सी फ्लॅग द्या, लगेच खाली छोट्या ए फ्लॅगची दुसरी लिहा, आणि जास्तीच्या प्रती वेगळ्या फोल्डरमध्ये जाऊ द्या.

एमडी5 (फाइलीच्या मजकुरावरून काढलेला ठसा) जुळवून अशा प्रती सापडत नाहीत. वाट बदलली की हेडर बदलतात, लिस्ट तळाला स्वतःच्या ओळीही जोडते.

नॉटमच या मेल शोधायच्या प्रोग्रॅममध्ये डुप्लिकेट पर्यायाला 2 देऊन मिळालेली, प्रत्येक पत्राच्या दुसऱ्या फाइलीची यादी थेट आरएम या फाइली उडवणाऱ्या कमांडला देऊ नका. ती दुसरी फाइल इनबॉक्सचीही असू शकते, आणि एमबीसिंकचं एक्सपंज (उडवलेलं मेल कायमचं काढणं) चालू असेल तर सर्व्हरवरूनही ती जाते. यादी फाइलीत उतरवा, वाचा, मेलडिरची (मेल साठवलेल्या फोल्डरची) प्रत काढून ठेवा.

मटमध्येच साफ करायचं असेल, तर डुप्लिकेट थ्रेड्स चालू ठेवून फोल्डर धाग्यांच्या क्रमाने लावा. मोठा टी दाबून ~= हा दुसऱ्या प्रती शोधणारा पॅटर्न द्या, खूण झालेली पत्रं डोळ्यांखालून घाला, मग अर्धविराम आणि एस दाबून ती दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवा. काही चुकलं असेल तर पत्र तिथे सापडेल.