छोटं कॉलेज की मोठं विद्यापीठ? दोन्हीकडचा माझा अनुभव

सांगलीत बारावी सायन्स करून मी अमेरिकेत गेले ती मक्याच्या शेतांनी वेढलेल्या एका लिबरल आर्ट्स कॉलेजात, म्हणजे मुख्यतः पदवीपर्यंतच शिकवणाऱ्या एका छोट्या कॉलेजात. विषय फिजिक्स. पण भावकीत बातमी पसरली, 'पोरीनं आर्ट्स घेतलं.' काकांनी बाबांना फोन केला, "एवढे मार्क असून आर्ट्सला का घातलंत?" हा गैरसमज अजूनही पुष्कळ घरांत आहे, म्हणून आधी तो दूर करते. या कॉलेजांत फिजिक्स, गणित, कॉम्प्युटर सायन्स सगळं शिकवतात. मुख्य विषय मात्र पहिल्याच दिवशी ठरवावा लागत नाही. साधारण दुसरं वर्ष संपेपर्यंत मुभा असते. इंटेलच्या संस्थापकांपैकी एक, रॉबर्ट नॉइस, 1949 साली आयोवातल्या ग्रिनेल या अशाच छोट्या कॉलेजातून पदवीधर झाले. ट्रान्झिस्टरची ओळखही त्यांना तिथल्याच फिजिक्सच्या प्राध्यापकांमुळे झाली.

आमच्या पहिल्या सेमिनारला एक लांबट टेबल आणि 14 खुर्च्या होत्या. त्यातल्याच एका खुर्चीत प्राध्यापक बाई. त्यांनी एक प्रश्न विचारला आणि गप्प बसल्या. कुणीतरी बोलेपर्यंत गप्पच. आपल्याला सवय असते सर सांगणार आणि आपण उतरवून घेणार याची. मी पहिले तीन तास तोंड उघडलं नाही. चौथ्या तासाला माझा निबंध परत आला. समासात पेन्सिलीनं एवढंच लिहिलं होतं, 'हे पुस्तकाचं म्हणणं झालं. तुझं काय?' त्या रात्री मला झोप लागली नाही. पुढच्या तासाला मी बोलले, चुकीचं बोलले, आणि कुणी हसलं नाही. 14 जणांत लपायला जागाच नसते, आणि आपल्याकडून गेलेल्या मुलांसाठी मला हीच सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते.

पदव्युत्तर विद्यार्थी तिथे नव्हतेच, त्यामुळे दुसऱ्याच उन्हाळ्यात प्राध्यापकांच्या प्रयोगशाळेत लेझरचे आरसे जुळवायचं काम माझ्याकडे आलं. पुढे त्याच प्राध्यापकांनी माझं शिफारसपत्र लिहिलं, तेव्हा त्यांना माझ्याबद्दल लिहायला खरोखर काहीतरी होतं.

पण तिसऱ्या वर्षी अडचण आली. मला हवा असलेला घन पदार्थांच्या भौतिकीचा कोर्स दोन वर्षांतून एकदाच चालायचा, आणि माझ्या वेळी तो शिकवणारे प्राध्यापक रजेवर गेले. दुसरं कुणी शिकवणारंच नव्हतं. पुढच्या शिक्षणासाठी एका मोठ्या राज्य विद्यापीठात गेले, तेव्हा ती उणीव मला सत्रभर जाचली.

त्या विद्यापीठात मी टीचिंग असिस्टंट होते. सभागृहात 320 खुर्च्या, व्याख्यान प्राध्यापकांचं. पण गणितं सोडवून घेणं, पेपर तपासणं आमच्याकडे. नाशिकचा एक मुलगा सत्र संपायच्या आठवड्यात माझ्याकडे आला, नापास व्हायच्या बेतात. "ऑफिस अवर्सना कधीच का आला नाहीस?" तर म्हणाला, "ताई, सरांना उगाच त्रास कशाला द्यायचा?" ऑफिस अवर्स म्हणजे विद्यार्थ्यांना भेटण्यासाठीच राखलेले तास, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. मुलगा हुशार होता. मोठ्या ठिकाणी सगळं असतं, शेकडो कोर्स, मोठमोठ्या प्रयोगशाळा, पण ते तुम्हाला जाऊन मागावं लागतं. म्हणून क्रमवारीच्या याद्या बाजूला ठेवा आणि आधी स्वतःला विचारा: अनोळखी माणसाचं दार मी आपणहून ठोठावेन का? उत्तर 'नाही' असेल, तर पहिली दोन वर्षं छोट्या ठिकाणी काढण्यात फार अर्थ आहे.

पैशांचं थोडक्यात सांगते. राज्य विद्यापीठं परदेशी विद्यार्थ्याला सहसा राज्याबाहेरच्यांसाठीच्या चढ्या दरानं फी लावतात आणि गरजेनुसार मदत क्वचितच देतात. उलट काही श्रीमंत छोटी कॉलेजं भरघोस मदत करतात. ॲमहर्स्ट आणि बोडिन तर परदेशी मुलांचीही ऐपत न पाहता प्रवेश ठरवतात. छापील फी बघून यादीतून नाव खोडू नका. इंजिनिअरिंग हवं असेल तर मात्र सांभाळून. स्वार्थमोर, हार्वी मड अशा थोड्याच छोट्या कॉलेजांत ते आहे.

एक गोष्ट जरूर करा. कॉलेजच्या माहितीपुस्तिकेत कोर्सची लांबलचक यादी असते, तिच्यावर विसंबू नका. गेल्या दोन वर्षांची वेळापत्रकं उघडा. तुमच्या विषयातले वरच्या वर्गांचे किती कोर्स खरोखर चालले, एकेका वर्गात किती मुलं होती, कुणी शिकवलं, हे वहीत उतरवून काढा. मी हे केलं असतं तर तिसऱ्या वर्षाचा तो खड्डा आधीच दिसला असता.

माझ्या भाचीनं या वर्षी असंच केलं. तिला विमानं आणि रॉकेटं सोडून दुसरं काही सुचत नाही. वेळापत्रकं पाहिल्यावर छोटी कॉलेजं तिच्या यादीतून आपोआप गळली आणि तिनं पर्ड्यू हे मोठं राज्य विद्यापीठ निवडलं. मला ते पटलं. पहिल्याच आठवड्यात ऑफिस अवर्सना जायचं, एवढं मात्र मी तिच्याकडून कबूल करून घेतलंय.