वास्तुशांतीची पत्रिका आणि मोडलेला 'क्ष'

ताईच्या वास्तुशांतीची पत्रिका मी फुकट सॉफ्टवेअरवर करायची ठरवली. विकतच्या प्रोग्रॅमचं महिन्याचं भाडं एका पत्रिकेसाठी कोण भरणार?

आधी गिम्प, म्हणजे फोटो सुधारायचं सॉफ्टवेअर, उघडलं. फोटोची साफसफाई छान झाली, पण मजकूर तिथेच टाकणं ही माझी चूक. गिम्पमधून निघालेलं चित्र पिक्सेलचं, म्हणजे बारीक ठिपक्यांचं. छापल्यावर बारीक अक्षरांच्या कडा फुटल्या. मग कलश आणि तोरण इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये काढलं. ते व्हेक्टर, म्हणजे ठिपक्यांऐवजी रेषांच्या गणितावर चालणारं, असल्यामुळे कितीही मोठं करा, रेघ स्वच्छच राहते.

खरी गंमत पुढे. मजकूर जुळवायला जुन्या लॅपटॉपवरचं स्क्रायबस हे पानं जुळवायचं सॉफ्टवेअर घेतलं, तर 'लक्ष्मी'मधला क्ष सुटून क्‌ष झाला आणि 'निमंत्रण'मधली वेलांटी 'न'ला सोडून भलतीकडे जाऊन बसली. तासभर मी फॉन्टलाच शिव्या घातल्या. फॉन्ट बिचारा 'मुक्त' (Mukta) नावाचा, मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा, मोफत आणि उत्तम. दोष स्क्रायबसच्या आवृत्तीचा होता: १.४ मालिकेला देवनागरीची जोडाक्षरं नीट जुळवता येत नाहीत. १.६ टाकलं आणि क्ष जागेवर आला.

एक काम तरी उरलंच. इंकस्केपचा रंग आरजीबी, म्हणजे पडद्यासाठीचा लाल-हिरवा-निळा, त्यामुळे प्रेसवर काळा छपाईच्या चार रंगांच्या शाईंत फुटून अक्षरांना रंगीत सावली येऊ शकते. म्हणून सगळा मजकूर स्क्रायबसमध्येच ठेवून त्याला फक्त काळी शाई, १०० टक्के दिली. पीडीएफ करताना फॉन्ट आत भरला. प्रेसवाल्या काकांनी फाइल उघडली, डोळे बारीक करून पाहिली आणि विचारलं, "किती प्रती?"