गन सुरू करण्याआधी धाग्याची तयारी

टफ्टिंग गन, म्हणजे ताणलेल्या कापडात धागा टोचून गालिचा बनवणारं हातयंत्र, अडखळली की आपण आधी गनच उघडून बघतो. बहुतेक वेळा चूक असते पायाशी ठेवलेल्या धाग्यात. त्याला कुठेही ओढ बसता कामा नये, बाकीची सगळी तयारी त्यासाठीच.

आधी रंग मोजून घ्या. एका रंगाचा लागेल तेवढा सगळा धागा एकदमच आणावा आणि लेबलांवरचा डाय लॉट, म्हणजे एकत्र रंगवलेल्या धाग्याचा क्रमांक, जुळतोय ना ते पाहावं. वेगळ्या लॉटची लोकर हातात सारखीच वाटते, पण गालिच्यात तिचा पट्टा उठून दिसतो.

मग गुंडाळणं. लडी तशीच गनला लावू नका, ती हमखास गुंतते. वाइंडरने, म्हणजे धागा गुंडाळायच्या यंत्राने, कोनावर (शंकूसारख्या रिळावर) गुंडाळून घ्या, फार घट्ट नको. गुंडाळताना धागा चिमटीतून जाऊ द्या, गाठ आली की बोटांना लगेच कळते. तिथेच धागा कापा आणि नवा कोन सुरू करा, कारण ती गाठ पुढे सुईत अडकणारच. साधारणपणे दोन पदर एकत्र चालवतात, म्हणून एकच कोन असेल तर त्याचे आधी दोन करा. पदर सुईतून सहज सरकले पाहिजेत. फार जाड झाले तर गन अडते, फार बारीक असले तर कापड त्यांना धरत नाही आणि टाके निसटतात.

आता धाग्याची वाट, आणि इथे घाई अजिबात नको. कापड ताणलेल्या चौकटीच्या वर एक कडी लावा, कोन बरोबर तिच्याखाली उभे करा, दोन्ही पदर कडीतून घेऊन गनपर्यंत आणा. दोन बोटांनी हातभर धागा ओढून बघा. कोन जागेवर डुगडुगला किंवा कलंडला तर ओढ आहे, म्हणजे पुन्हा मांडायचं. गन वर-खाली फिरताना धाग्याला थोडा झोळ राहायला हवा.

ओवताना गन बंद ठेवा. धागा ओवायची तार सुईच्या टोकाकडून आत घाला, मागे धागा अडकवा आणि पुढे ओढून घ्या. नुकतंच तेल घातलं असेल तर आधी टाकाऊ धागा चालवा, नाहीतर डाग पहिल्याच रंगावर पडतात.

शेवटी कापडाच्या कोपऱ्यात वीतभर रेघ मारून बघा. आपल्या बाजूला टाके सलग आणि पलीकडे तुरे एका उंचीचे आले, की नक्षीला हात घाला. रेघ मध्येच तुटली तर गन खाली ठेवा आणि आधी कोनांकडे बघा.