कोलकाता फुटबॉल लीगचा इतिहास जुळवताना: विजेते, क्लब आणि गुणतक्ते

सुरुवात विजेत्यांच्या यादीपासून करू नका. यादी सगळीकडे मिळते आणि एका ठिकाणची चूक दुसरीकडे जशीच्या तशी उतरते. आधी सामन्यांची वही करा. एका ओळीत एक सामना: तारीख, मैदान, दोन्ही संघ, गोल, शेरा. शेऱ्यात ‘वॉकओव्हर’ (एक संघ आलाच नाही म्हणून दुसऱ्याला न खेळता मिळालेला विजय), ‘अर्धवट थांबला’, ‘पुन्हा खेळवला’ असे स्पष्ट लिहा. या तीन नोंदी सुटल्या की तक्ता कधीच जुळत नाही.

लीग आणि शील्ड यांची गल्लत ही सर्वांत जुनी चूक. मोहन बागानने १९११ साली जिंकली ती आयएफए (इंडियन फुटबॉल असोसिएशन) शील्ड, म्हणजे बाद पद्धतीची स्पर्धा. १८९८ पासून चालत आलेली साखळी लीग त्यांना पहिल्यांदा मिळाली १९३९ मध्ये. त्याआधी, १९३४ ते १९३८ अशी सलग पाच वर्षे मोहम्मेडन स्पोर्टिंग विजेता होता, आणि लीग जिंकणारा पहिला भारतीय संघही तोच. ईस्ट बंगालचे पहिले विजेतेपद १९४२ चे. १९११ हे साल लीगच्या रकान्यात दिसले, तर ती यादी बाजूला ठेवलेली बरी.

क्लबांसाठी वेगळी वही लागते, कारण नावावर भरवसा ठेवता येत नाही. प्रत्येक क्लबाला एक क्रमांक द्या आणि त्याखाली नावे कालावधीसह लिहा. मोहन बागान (स्थापना १८८९) एकेकाळी मद्य कंपनीचे नाव पुढे लावून खेळला, २०२० मध्ये एटीके मोहन बागान झाला, २०२३ मध्ये मोहन बागान सुपर जायंट. क्रमांक मात्र एकच. प्रायोजक बदलला म्हणून क्लब बदलत नाही. विलीनीकरण ही वेगळी गोष्ट: कलकत्ता एफसी १९६५ मध्ये क्रिकेट क्लबात मिसळला, तिथे जुन्या क्रमांकाला शेवटचे साल घालून नवा क्रमांक उघडा. लष्करी संघांची पंचाईत आणखी वेगळी. पलटणीची बदली झाली की संघच गायब. १९३१ ते १९३३ तीनदा जिंकलेली डरहॅम लाइट इन्फंट्री पुढे तक्त्यात नाही, म्हणून ती खालच्या श्रेणीत गेली असे समजू नका. आणि ‘मोहम्मेडन स्पोर्टिंग’ ढाक्यातही आहे. बातमी कोणत्या शहराची, हे आधी पाहा.

आता पडताळणी. दहा संघ एकमेकांशी दोनदा खेळले, तर सामने ९०. विजयांची बेरीज पराभवांच्या बेरजेइतकीच आली पाहिजे, केलेले गोल खाल्लेल्या गोलांइतके, आणि बरोबरीच्या रकान्याची बेरीज सम. विजयाला दोन गुण असतील, तर एकूण गुण १८०. तीन असतील, तर २७० मधून बरोबरीत सुटलेले सामने वजा करा. २० सुटले असतील, तर २५०. गोलांची बेरीज एका-दोनाने चुकली, तर बहुधा एकाच सामन्याचा निकाल दोन वर्तमानपत्रांत वेगळा छापलेला असतो. गुण चुकले, तर वॉकओव्हर किंवा गुणकपात शोधा.

जुन्या हंगामाचे गुण आजच्या तीन गुणांच्या हिशेबात बदलू नका. संघ त्या वेळच्या नियमाने खेळत होते. समान गुणांचा निर्णयही त्याच वर्षीच्या नियमावलीत पाहा. ३० गोल करून १० खाल्लेल्या संघाची गोल सरासरी (केलेले भागिले खाल्लेले) ३, गोलफरक (केलेले वजा खाल्लेले) २०. ५० करून २५ खाल्लेल्याची सरासरी २, फरक २५. म्हणजे नियम बदलला की क्रमही उलटतो. काही वेळा गुण समान झाल्यावर वेगळा निर्णायक सामना होतो. त्याचे गोल तक्त्यात मिळवायचे नाहीत.

तीन बड्या क्लबांबाहेरचे विजेते दिसले की घाईने ‘छापण्याची चूक’ म्हणू नका: १९५८ मध्ये ईस्टर्न रेल्वे आणि २०१९ मध्ये पीअरलेस खरोखरच जिंकले. जिथे विजेता नाही, तिथे रकाना रिकामा न सोडता कारण लिहा. २०२० मध्ये कोविडमुळे लीग झालीच नाही.