राजपुत्र-उद्योजकाचं चरित्र लिहायला बसलात तर

सौदी गुंतवणूकदार अल वलीद बिन तलाल यांच्यावरच्या पहिल्या लेखात मी मथळ्यातच त्यांना 'युवराज' करून टाकलं होतं. छापून आल्यावर एका वाचकाने कान उपटले. युवराज म्हणजे गादीचा वारस. सौदी अरेबियात तो एका वेळी एकच असतो, आणि अल वलीद तो कधीच नव्हते. तेव्हापासून मी 'राजपुत्र' लिहितो. खरं तर ते संस्थापक राजे अब्दुलअझीझ यांचे नातू, पण 'राजनातू' कोण म्हणणार?

नाव नीट वाचलंत की अर्धी वंशावळ हाती येते. अल वलीद बिन तलाल बिन अब्दुलअझीझ आल सऊद: स्वतःचं नाव, वडील, आजोबा, घराणं. यातला 'आल' म्हणजे घराणं, त्याची 'अल'शी गल्लत नको. नुसतं 'तलाल म्हणाले' लिहिलंत तर ते वडिलांचं बोलणं होईल. आणि वडील तर भलतंच बोलायचे! काही काळ अर्थमंत्री असलेल्या तलाल यांनी १९६०च्या आसपास राज्यघटनेची मागणी केली आणि त्यापायी त्यांना काही काळ देशाबाहेर राहावं लागलं. आईकडची बाजूही सोडू नका. तिचे वडील रियाद अल सुल्ह हे स्वतंत्र लेबनॉनचे पहिले पंतप्रधान. थोडक्यात, घराण्याचं वजन भरपूर, पण सत्तेच्या खुर्चीपासून ही शाखा लांबच.

आता वहीत दोन रकाने आखा: 'नावामुळे' आणि 'व्यवहारामुळे'. १९७९मध्ये कॅलिफोर्नियातल्या मेनलो कॉलेजची पदवी घेऊन ते परतले तेव्हा रियाधमध्ये तेलाच्या पैशाचा पूर होता. वडिलांनी दिलेल्या ३० हजार डॉलरवर सुरुवात केली, असं ते स्वतः सांगतात, म्हणून त्या आकड्यापुढे 'त्यांच्या सांगण्यानुसार' हवंच. परदेशी कंत्राटदारांना स्थानिक भागीदार लागे, आणि राजघराण्यातला माणूस भागीदार म्हणून कोणाला नको असेल? पहिला रकाना. उलट १९९१मध्ये सिटिकॉर्प ही अमेरिकी बँक कंपनी बुडीत कर्जांनी घायकुतीला आलेली असताना त्यांनी ५९ कोटी डॉलरचे, पुढे साध्या शेअरमध्ये बदलता येणारे प्राधान्य शेअर घेतले. सगळे पळत असताना आत शिरणं हा दुसरा रकाना. मात्र तेवढी रक्कम हाताशी कुठून आली, हे विचारलं की बाण पुन्हा पहिल्या रकान्याकडे वळतो. तो बाण वहीत काढाच, खोडू नका.

संपत्तीच्या आकड्याला वर्ष आणि मोजणाऱ्याचं नाव जोडा. २०१३मध्ये फोर्ब्स मासिकाने २० अब्ज डॉलर म्हटलं. त्यांचा स्वतःचा हिशेब जवळपास ३० अब्जांचा होता. प्रकरण लंडनच्या कोर्टात गेलं आणि २०१५मध्ये मिटलं. मेख किंगडम होल्डिंग या त्यांच्या गुंतवणूक कंपनीत होती. २००७मध्ये कंपनी बाजारात आणताना त्यांनी फक्त ५ टक्के शेअर विकले, बाकीचे स्वतःकडे ठेवले. इतक्या थोड्या शेअरांच्या उलाढालीतून ठरणारा भाव उरलेल्या ९५ टक्क्यांना लावून गुणाकार करता येतो, पण त्या भावाने सगळं विकायला गेलात तर घेणार कोण? आकडे सौदी रियालमध्ये आले तरी चिंता नको, १९८६पासून एका डॉलरला ३.७५ हा दर कायम आहे.

४ नोव्हेंबर २०१७ला भ्रष्टाचारविरोधी मोहिमेत ते पकडले गेले. रियाधच्या रिट्झ-कार्लटन हॉटेलात जवळपास तीन महिने ठेवून २७ जानेवारी २०१८ला सोडलं. सुटकेआधी सरकारशी झालेल्या तडजोडीच्या अटी जाहीर झाल्या नाहीत, तेव्हा रक्कम लिहायचा मोह आवरा. 'दोषी' नको, 'निर्दोष'ही नको. पुढे २०२२मध्ये सरकारच्या गुंतवणूक निधीने त्यांच्याकडून किंगडम होल्डिंगचा सुमारे १७ टक्के हिस्सा १.५ अब्ज डॉलरला घेतला. या दोन घटनांमध्ये 'म्हणून' घालू नका, तारखा शेजारी ठेवा.

किंगडम होल्डिंगची भागीदारी असलेल्या जेद्दाच्या टॉवरचं वाक्य मात्र सर्वांत शेवटी लिहा. एक किलोमीटरहून उंच ठरलेल्या त्या इमारतीचं काम २०१३मध्ये सुरू झालं, २०१८मध्ये थांबलं, जानेवारी २०२५मध्ये पुन्हा सुरू झालं. माझ्या वहीत ती ओळ पेन्सिलने आहे.