पहिल्या महायुद्धाचं पोस्टर नीट कसं बघायचं

आधी मजकूर वाचूच नका, फक्त चित्रातली नजर कुठे जातेय ते बघा. ब्रिटनचं १९१५ चं, चित्रकार सॅव्हिल लमलीचं सैन्यभरतीचं पोस्टर घ्या, खुर्चीत बाबा, मांडीवर पुस्तक घेतलेली मुलगी, खाली मुलगा खेळण्यातले सैनिक मांडतोय, आणि बाबा मुलांकडे नाही तर थेट आपल्याकडे बघतोय, चेहऱ्यावर नुसती अस्वस्थता.

आता मजकूर वाचा. मुलगी विचारतेय, बाबा, महायुद्धात तुम्ही काय केलंत? म्हणजे युद्ध चालू असताना चित्र मात्र युद्ध संपल्यानंतरचं! अख्ख्या पोस्टरमध्ये शत्रू नाही, रक्त नाही, बाप म्हणून वाटणारी लाज तेवढी आहे, आणि मला हेच सगळ्यात क्रूर वाटतं.

मग तारीख बघाच. ब्रिटनमध्ये सक्तीची भरती १९१६ मध्ये आली, त्याआधी माणसं स्वतःहून यायला हवी होती म्हणून एवढा जोर.

हीच पद्धत ब्रिटनचा युद्धमंत्री किचनर याच्या १९१४ च्या भरतीच्या चित्रावर वापरून बघा, चित्रकार आल्फ्रेड लीटने त्याचं बोट सरळ समोर रोखलेलं काढलंय त्यामुळे कुठूनही बघा, ते आपल्याकडेच येतं. अमेरिकेत चित्रकार फ्लॅगने १९१७ च्या अंकल सॅममध्ये (अमेरिकेचं प्रतीक असलेला म्हातारा) तीच पोझ घेतली, चेहरा स्वतःचाच वापरला.